पायानं लावलेला दिवा

मुठा, ता. मुळशी
१६ फेब्रुवारी २०२५

चि. नम्रता हिस,
कोंडीराममामाचा सप्रेम जयभीम.

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र आलं तेव्हा घरात ओला हरभरा सोलणं चाललं होतं, आता हरभरा वाळून डब्यात गेला. मध्ये लिहायला बसलो आणि दर वेळी फाडलं. फोन करणार होतो, पण तूच म्हणाली होतीस, "मामा, घाबरलात की फोन करू नका, तुम्हाला दम लागतो आणि मला काही कळत नाही. लिहून काढा." म्हणून लिहितो. सातवीचं शिक्षण, चुका पोटात घाल.

काळजी आमूची, माझ्या नातीची आहे. तू तिला पाहिलंस तेव्हा रांगत होती, आता सात वर्षांची आहे. तिला ऑटिझम आहे हे तुला ठाऊक आहेच. बोलते, पण स्वतःचं बोलत नाही, ऐकलेलं बोलते. तिचा बाप, रत्नदीप, हिंजवडीला कंपनीची गाडी चालवतो आणि जाताना तिला शाळेत सोडतो. त्या गाडीतली बाई बोलते ना, "कृपया सीट बेल्ट लावा", ते आमूनं उचललंय. कुणी जवळ बसावं असं वाटलं की म्हणते, "सीट बेल्ट लावा." कुणी नको असलं की, "दरवाजा नीट बंद करा." आम्हाला कळतं. शाळेला कळत नाही.

शाळेतल्या मोठ्या बाईंनी रत्नदीपला आणि वृषालीला बोलावून घेतलं. म्हणाल्या, मुलगी कानावर हात ठेवून हुं हुं करत बसते, बाकीच्या पालकांच्या तक्रारी आहेत. हिंजवडीला एक केंद्र आहे, तिथं मेंदूवर उपचार होतो, तो पूर्ण करा. सुधारणा झाल्याचा कागद आणलात तर जूनमध्ये दुसरीत घेऊ, नाहीतर दुसरी शाळा बघा.

उपचाराचं नाव न्यूरोफीडबॅक. रत्नदीपनं कागदावर लिहून दिलं म्हणून लिहिता आलं. मी बरोबर गेलो होतो. उंच इमारत, आत गारठा. पोरीच्या केसांत चिकट मलम लावून वायरी चिकटवल्या. तिच्या डोक्याला आजीशिवाय, आपल्या फुलाबाईशिवाय कुणी हात लावलेला तिला चालत नाही, तिनं "दरवाजा नीट बंद करा, दरवाजा नीट बंद करा" असा आकांत मांडला. मग पडद्यावर गाडी आली. तिथला माणूस म्हणाला, मेंदूच्या लहरी नीट चालल्या की गाडी पळते, बिघडल्या की थांबते, असं करत मेंदूला वळण लागतं. आमू गाडीकडे बघत बसली. गाडी मधेच पळायची, मधेच थांबायची. मी विचारलं, "आत्ता का थांबली?" तो म्हणाला, "आजोबा, ते सॉफ्टवेअर ठरवतं."

मी घाबरट आहे. रस्ता ओलांडताना घाबरतो, बँकेत घाबरतो. पण एका बाबतीत मी कधी कुणाला भ्यालो नाही हे तुझ्या आईला विचार. आपल्या घरात गंडा नाही, दोरा नाही, अंगारा नाही. रत्नदीप लहानपणी तापानं फणफणला तेव्हा सगळी आळी म्हणत होती भगताकडे ने. मी त्याला खांद्यावर टाकलं आणि पौडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. त्या पोराला मी आता विचारतो, की बाबा, हे खरं विज्ञान आहे का पँट-शर्ट घातलेला अंगारा? तर म्हणतो कसा, "आप्पा, तुमी पंपावर काम केलं, मेंदूवर न्हाई."

मी म्हटलं, "व्हय. पण पंप चालला का न्हाई ते मला पाणी बघून कळायचं. हितं पाणी कुटं हाय?"

तेव्हापासून बापलेकाचं बोलणं बंद आहे. वृषाली रडते. पिरंगुटला पॅकिंगला उभी राहून येते आणि रडते. तू दवाखान्यात अशाच मुलांबरोबर काम करतेस. मला खरं सांग. खरं असेल तर मी स्वतः पोरीला कडेवर घेऊन नेईन. खोटं असेल तर माझ्या जिवात जीव असेपर्यंत नेऊ देणार नाही.

तुझा,
कोंडीराममामा


छत्रपती संभाजीनगर
२ मार्च २०२५

ति. मामांना,
नम्रताचा जयभीम.

मी मोठी डॉक्टर नाही, पण आमच्या मॅडमना विचारून आणि वाचून लिहिते आहे.

मेंदूतून बारीक वीज वाहते आणि ती मोजता येते, हे विज्ञानच आहे. ती वीज पडद्यावर दाखवून मेंदूला वळण लावता येतं का, यावर बरेच प्रयोग झाले. ऑटिझमबद्दलचे प्रयोग बहुतेक छोटे आहेत. काहींत आईवडिलांना फरक वाटला. पण काही ठिकाणी निम्म्या मुलांना खरं यंत्र लावलं आणि निम्म्यांना खोटं, म्हणजे टोपी तीच, वायरी त्याच, पण पडद्याचा मेंदूशी संबंध नाही. तेव्हा खोट्या यंत्राच्या मुलांचे आईवडीलही म्हणाले, आमचं मूल सुधारलं. म्हणून हा उपचार ऑटिझमवर चालतो असं आज छातीठोकपणे कुणी म्हणू शकत नाही. सहसा इजा होत नाही. उद्या मोठे प्रयोग होऊन वेगळं कळलं तर मी तुम्हाला तसंही कळवीन.

पण शाळेनं त्याचा कागद मागणं हे मात्र साफ चूक आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे. सरकारमान्य शाळेला अशा कारणानं मुलीला काढता येत नाही. आधी सुधार, मग शाळेत ये, असं कायदा म्हणत नाही.

रत्नदीपदादाशी भांडू नका. घाबरलेल्या आईबापाच्या हातात कुणी काही दिलं की ते घट्ट धरतात. शांतपणे समजावून सांगा.

तुमची,
नम्रता


मुठा
२० मार्च २०२५

चि. नम्रता,
जयभीम.

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. समजावून सांग म्हणालीस, सांगितलं. रत्नदीप म्हणाला, "नम्रता लांब बसून बोलती, तिला काय जातंय." वृषाली म्हणाली, "आप्पा, खोटं यंत्र लावलं तर आईला कळणार न्हाई व्हय? आईला कळतं." झालं, मला तिथंच सुचलं. म्हटलं, बघूच कळतं का.

फुलाबाईची जुनी लोकरीची कानटोपी घेतली. तिला आतून झब्ब्याची चापबटणं शिवली, मलम नको न् काही नको. बटणांना जुन्या रेडिओच्या वायरी बांधल्या. वायरी नेल्या एका खोक्यात. खोक्यावर बल्ब बसवला, कमीजास्त होणारा. आणि त्याचं बटण स्टुलाखाली, माझ्या पायाशी. तीस वर्षं पाटबंधाऱ्याच्या पंपावर काढली आहेत, एवढं येतं मला. घरात सांगितलं, नम्रतानं दवाखान्यातून सरावाची टोपी पाठवली. तुझं नाव घेतलं, माफ कर. घेतल्याशिवाय कुणी ऐकलं नसतं.

फुलाबाईला तेवढं खरं ठाऊक आहे. ती म्हणाली, "जल्मभर भगताला शिव्या घातल्या, आता म्हातारपणी सोता पाट मांडा." मी म्हटलं, "गप. हा प्रयोग हाय."

रोज संध्याकाळी कामावरची माणसं आली की टीव्ही बंद करायचा. आमू स्टुलावर, आम्ही सगळे समोर. टोपी ती स्वतःच घालते, आजीची आहे ना, वास ओळखीचा. ती शांत बसली की मी पायानं दिवा वाढवतो, चुळबुळ केली की उतरवतो. ती दिव्याकडे बघत हुं हुं करते. पहिले काही दिवस काही नाही. मग एकदा वृषाली ओरडत चुलीकडे आली, "आत्याबाई, आमू माझ्याकडं बघून हसली! सरळ डोळ्यात बघून!" आता झोप नीट लागते म्हणते, भाकरी चावून खाते म्हणते. रत्नदीपसुद्धा परवा आपणहून माझ्याशी बोलला. म्हणाला, "आप्पा, तुमी म्हनत व्हता असलं काय चालत न्हाई. आता बघा."

बघतोयच की! अगदी तू लिहिलंस तसं झालं. मला इतका आनंद झाला की गोठ्यामागं जाऊन एकटाच हसलो. आणखी थोडे दिवस जाऊ देतो, मग सगळ्यांसमोर स्टूल उलटं करून बटण दाखवतो आणि म्हणतो, घ्या, कुठं जायचं ते जा आता. नम्रता, मी या वेळी मागं हटणार नाही. शाळा हटली पाहिजे.

एकच जरा मनाला लागून आहे. वृषाली फार खूश आहे. पोर आल्यापासून मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. असो.

ओढ्यापलीकडच्या वाड्यावरची तानूबाई, मेंढरंवाली, तीही चारपाच दिवस झाले नातवाला, धनाजीला, घेऊन येते. कुठूनसं ऐकलं तिनं. नको म्हटलं तर उंबऱ्यात बसून राहते. मग घालतो त्यालाही थोडा वेळ, आपलं काय जातंय.

तुझा मामा,
कोंडीराम


छत्रपती संभाजीनगर
२५ मार्च २०२५

मामा,

पत्र मिळालं तसं लगेच लिहिते आहे आणि स्पीड पोस्टनं टाकते आहे. तुमचा फोन लागत नाही.

तानूबाईंचा नातू कशासाठी येतो? त्याला काय होतं? काही गोळ्या चालू असतील तर टोपी मिळाली म्हणून त्या बंद केल्या नाहीत ना? पत्र वाचून झालं की चहासुद्धा घेऊ नका, आधी ओढ्यापलीकडे जा आणि विचारा.

बाकीचं मग बोलू. बोलायचं पुष्कळ आहे.

नम्रता


मुठा
४ एप्रिल २०२५

चि. नम्रता,
जयभीम.

पोस्टमननं पत्र दिलं ते दारातच वाचलं आणि तसाच निघालो. तानूबाई वाघरीजवळ, मेंढरांच्या जाळीच्या कुंपणाशी, कोकरांना पाजत होती. मी म्हटलं, "तानूबाई, पोराची कसली गोळी चालू हाय का?"

"व्हती. मिरगीची. पौडवरनं आनायचो."

"व्हती म्हंजी?"

"आता कशापायी? तुजी टोपी हाय की. गोळीनं पोरगं नुसतं पेंगतं, मेंढरामागं चालंना. केली बंद."

नम्रता, मी तिथंच लेंड्यांवर बसलो. धनाजी समोर खडे मारत होता आणि मला वाटत होतं हा आत्ता पडतो, आत्ता पडतो. मी म्हटलं, "बाई, ती टोपी खोटी हाय."

"खोटी कशी? दिवा लागतो की."

"दिवा मी लावतो. पायानं."

"पायानं?"

"पायानं."

तिनं कोकरू खाली ठेवलं. माझ्याकडे नीट बघितलं. तिला मी गेली कित्येक वर्षं ऐकवत आलोय, की भगताच्या नादी लागू नको, कोंबडं देऊ नको. ती म्हणाली, "म्हंजी तू बी भगतच की रं कोंडीराम! आन् भगत तरी बरा, अंगारा हातानं देतो."

मी म्हटलं, "शिव्या मागनं दे, आदी गोळी दे." गोळ्या कोनाड्यात होत्या. माझ्यासमोर पोराला दिली. दुसऱ्या दिवशी दोघांना घेऊन पौडला गेलो, तिथल्या डॉक्टरांना खरं ते सांगितलं. त्यांनी तानूबाईला कमी आणि मला जास्त झापलं. पोरगं पेंगतं म्हणून गोळी बदलून दिली. पोर नीट आहे. एकदाही पडलं नाही, पण ते त्याचं नशीब चांगलं म्हणून, माझी अक्कल चांगली म्हणून नाही.

घरी येऊन स्टूल उलटं केलं. सगळ्यांसमोर, ठरवलं होतं तसंच. फक्त जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. रत्नदीप जेवता उठला. जाताना म्हणाला, "शाळेनं फसवलं असतं तर भांडलो असतो आप्पा. तुमच्याशी काय भांडू?"

वृषालीनं खाली वाकून बटण बघितलं. मग मला म्हणाली, "ती माझ्याकडं बघून हसली, ते बी खोटंच का?"

तिनं टोपी उचलली, स्वतःच्या डोक्यात घातली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "लावा दिवा." मी नको नको म्हणत होतो. "लावा म्हंते ना आप्पा." मी पायानं दिवा लावला. ती रडत होती का हसत होती, मला समोर बसून कळलं नाही.

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढते, पण नजर वर करत नाही. तू तिच्या प्रश्नाचं उत्तर दे. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी दे.

कोंडीराम


छत्रपती संभाजीनगर
२१ एप्रिल २०२५

ति. मामा आणि वृषालीवहिनी,

दोघांना एकच पत्र लिहिते. मामा, हे वहिनींच्या हातात द्या.

आधी तुमचं. प्रयोगात खोटं यंत्र लावतात तेव्हा आईवडिलांना आधीच सांगतात, की तुमच्या वाट्याला खोटं येऊ शकतं, चालेल का? ते हो म्हणाले तरच. तुम्ही कुणाला विचारलं नाहीत. जो सांगत नाही तो प्रयोग करत नाही, फसवतो. मामा, हे तुम्हाला लिहिताना मला वाईट वाटतं आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आणि थोडा दोष माझाही. तुमच्यासारख्या हट्टी माणसाला खोट्या यंत्राची गोष्ट अर्धीच सांगितली.

वहिनी, आता तुमचं. दिवा खोटा होता. हसणं खोटं नव्हतं. ते कशानं आलं हे मला इथून सांगता येणार नाही, आणि जो कुणी ठामपणे सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मुलं आपली आपणही वाढतात. पण मामांनी लिहिलेलं मी पुन्हा वाचलं. रोज संध्याकाळी टीव्ही बंद, घरातली सगळी माणसं तिच्यासमोर गप्प बसलेली, कुणी "इकडे बघ" म्हणत नाही, कुणी तिचे हात धरत नाही. एवढा वेळ तिला याआधी कोण देत होतं? मला फक्त इतकं दिसतं.

शाळेपुढे रडायचं नाही. एकच म्हणायचं, आमच्या मुलीला घेणार नाही हे लिहून द्या. तो कागद घेऊन दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते, ते पुण्यातच बसतात. बहुतेक वेळा शाळा लिहून देतच नाही, तिथंच मागे हटते.

नम्रता


मुठा
१३ जून २०२५

चि. नम्रता,
जयभीम.

पुन्हा उशीर. पण या वेळी फाडलं काही नाही, सांगण्यासारखं होईपर्यंत थांबलो.

तुझं पत्र वृषालीनं स्वतःकडे ठेवून घेतलं. मला परत दिलं नाही. मग सुट्टीत एकदा म्हणाली, "आप्पा, बुधवारी शाळेत जायाचंय. तुमी बी यायचं. आन् ती टोपी घ्या." मी म्हटलं, टोपी कशाला, लाज वाटते. ती म्हणाली, "वाटू द्या."

गेलो. ती, रत्नदीप आणि मी. मोठ्या बाईंच्या खोलीत थंड पाणी दिलं. बाई गोड बोलल्या. "मग, केंद्राचा रिपोर्ट आणलात ना?"

वृषालीनं पिशवीतून टोपी काढली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. वायरी लोंबत होत्या. बाई खुर्ची मागे सरकवून म्हणाल्या, "हे काय?"

"हा रिपोर्ट. माझ्या सासऱ्यांनी घरी शिवलेली टोपी हाय. दिवा ते पायानं लावायचे. मला वाटलं माझी पोरगी सुधारली. शेजारनीला वाटलं तिचा नातू बरा झाला, औषध बंद केलं तिनं. मॅडम, मी आई हाय, मी फसले. कुनी कागद दिला असता तर मी सही बी केली असती. असल्या कागदावर तुमी माझ्या पोरीचं वर्ष ठरवनार का?"

बाई म्हणाल्या, "अहो, केंद्र म्हणजे घरची टोपी नाही. तिथं तज्ज्ञ लोक असतात."

मला वाटलं आता ती गडबडेल. पण ती म्हणाली, "असतील. उद्या ते खरं ठरलं तर मी सोता नेईन, माझ्या मर्जीनं. शाळेसाठी न्हाई नेनार. माझी पोरगी हुं हुं करती, करनार. कानावर हात ठेवती, वर्गात लई आवाज हुतो म्हनून ठेवती. ती हाय तशी तुमच्या शाळेत बसनार."

"हे बघा, बाकीच्या पालकांचा विचार…"

तेव्हा रत्नदीप बोलला. इतका वेळ गाडीची चावी बोटावर फिरवत बसला होता. म्हणाला, "मॅडम, तिला घेत न्हाई हे लिहून द्या. आता द्या, आमी थांबतो."

बाईंनी पेन उचललं. आम्ही तिघं पेनाकडे बघत होतो. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "आम्ही कमिटीत बोलून कळवतो."

बाहेर आल्यावर रत्नदीपनं माझ्यासाठी गाडीचं दार उघडलं. मला त्याला लहानपणी खांद्यावर घेतल्याचं आठवलं, उगीच.

अजून कळवलेलं नाही त्यांनी. सोमवारी शाळा उघडते. आम्ही ठरवलंय, आमूला गणवेश घालून न्यायचं. वर्गात घेतलं तर उत्तम. नाही घेतलं तर मी फाटकाजवळ बसणार, भाकरी बांधून नेणार, आमू माझ्याजवळ. दुसऱ्या दिवशी पुन्हा. फुलाबाईही येते म्हणते. आणि ऐक, तानूबाईनं निरोप धाडलाय, "भगताला सांग, मी बी येते, बसायला मान्सं लागतील." मला सगळीकडे आता भगतच म्हणते ती, वाड्यावरची पोरंसुद्धा म्हणतात. म्हणू देत. मी ऐकून घेतो, माझं तेवढं देणं आहे.

आता एक सांगतो आणि थांबतो. शाळेतून आलो त्या दिवशी वृषालीनं टोपीच्या वायरी आणि बटणं उसवून टाकली, खोकं मी मोडलं. म्हटलं, संपलं एकदाचं. पण आमूला कुणी सांगितलं नव्हतं ना. संध्याकाळ झाली तशी तिनं स्वतः जाऊन टीव्ही बंद केला. प्रत्येकाच्या पुढ्यात जाऊन, "सीट बेल्ट लावा, सीट बेल्ट लावा." सगळे बसलो, रत्नदीपसुद्धा बूट न काढता बसला. मला वाटलं ती आता टोपी मागेल. तिनं टोपी आणली, माझ्या डोक्यात घातली, कानांपर्यंत ओढली आणि मला धरून स्टुलावर बसवलं. मग समोर जाऊन बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. दिवा नाही, काही नाही. मी जरा चुळबुळ केली की हुं करायची. वृषाली हसली. किती दिवसांनी माझ्यासमोर हसली.

तेव्हापासून रोज हेच चालू आहे. जूनचा उकाडा, डोक्यावर लोकरीची टोपी, आणि नात समोर बसून माझ्यावर उपचार करते. गुण येतोय का ते मला विचारू नकोस, मी आता कुणालाच काही छातीठोक सांगत नाही.

पण सोमवारची भीती वाटतेच. फाटकावर पोलीस आले तर, बाई ओरडल्या तर, पोर घाबरली तर. तरी जाणार, नक्की जाणार. फक्त तुझी दोन ओळींची चिठ्ठी खिशात असली तर बसायला बळ येईल. तो कायदा साध्या शब्दांत लिही, मोठ्या अक्षरात, म्हणजे कुणी विचारलं तर चष्म्याशिवाय वाचून दाखवता येईल. हे पत्र मिळेल तसं लगेच टाक, स्पीड पोस्टनं; सोमवारी नाही पोचली तरी पुढच्या दिवसांना उपयोगी पडेल. पोस्टमनला सांगून ठेवलंय, शाळा त्याच्या वाटेवरच आहे, तो घरी न येता थेट शाळेच्या फाटकावर आणून देणार आहे. वाट बघतोय.

तुझा,
कोंडीराममामा